लेखिकेनं स्वतः यावं

देव माणसाची परीक्षा पाहतो, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो त्याचा अधिकारच आहे. माझं गाऱ्हाणं एवढंच, की या खेपेला त्यानं ती कुरिअर कंपनीमार्फत घेतली.

आमच्या सासूबाई धाकट्या दिरांकडे राहायला जायच्या ठरल्या. दीर परदेशात असतात. आणि राहायला म्हणजे पाहुणचाराला नव्हे, कायमच्याच. त्यांचे गुडघे आमच्या जिन्याला कंटाळले होते आणि दिरांकडे सगळं एकाच मजल्यावर. तिकीट आलं, बॅग कपाटावरून खाली उतरली. या वयात एवढ्या लांब गेलेलं माणूस पुन्हा परत येत नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं, पण बोलत कोणीच नव्हतं. मीही नाही. माझं तर सकाळी मौनच असतं.

मौनाचं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला वेड्यात काढणार नाही, किंवा निदान विचार करून काढेल. माझे रोजचे तीन नेम आहेत. उठल्यापासून न्याहारी होईपर्यंत बोलायचं नाही, खोटं कधीच बोलायचं नाही, आणि आवाज चढवायचा नाही. मी हे कोणाला सांगत फिरत नाही, पण भिंतीपलीकडे आमच्या शेजारच्या वहिनी राहतात, त्यामुळे मी सांगायची गरजच पडत नाही.

तर घरात फोटोंचा एक जुना अल्बम होता. काळी जाड पानं, मध्ये पातळ जाळीदार कागद, आणि वजन असं की मांडीवर घेतला की पायाला मुंग्या येत. तो विमानात न्यायचा तर सासूबाईंना कपडे इथेच ठेवावे लागले असते. शिवाय डिंक सुटलेला. पान उलटलं की दोनचार नातेवाईक जमिनीवर. माझ्या मनात आलं, यातले निवडक फोटो घेऊन एक सुबक छापील पुस्तक करावं आणि निघायच्या आधी त्यांच्या हातात ठेवावं. दिरांचं घर परकं नव्हे, पण खिडकीतून दिसणारं सगळं परकंच असणार. तिथे उशाशी आपलं घर असावं. एवढीच इच्छा. बाकी जे झालं ते सगळं या एवढ्याशा इच्छेपायी.

‘‘सोपं आहे,’’ हे म्हणाले, ‘‘हल्ली घरबसल्या होतं.’’

आमच्या ह्यांनी आजवर ज्या ज्या गोष्टीला सोपं म्हटलं, ती ती मला करावी लागलेली आहे.

सासूबाईंना पत्ता लागू द्यायचा नव्हता. त्यामुळे त्या दुपारी पडल्या की मी अल्बममधून एकेक फोटो काढून आणायची आणि हे त्याची मोबाइलवर प्रत घ्यायचे. वहिनींना भिंतीतून सुगावा लागलाच. ‘‘चकचकीत कागद घेऊ नका हं,’’ त्या दारातूनच म्हणाल्या, ‘‘बोटांचे ठसे उमटतात. माझ्या भावजयीनं केलं होतं असलं पुस्तक. आता ते फक्त पोलिसांच्या उपयोगाचं राहिलंय.’’

वरच्या मजल्यावरचे काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. ते म्हणाले, ‘‘कागदाचं सोडा. पोच घ्या. कोणत्याही कामात पोच महत्त्वाची.’’ कसली पोच, ते त्यांनी सांगितलं नाही. पण इतक्या गंभीरपणे म्हणाले की मी मान डोलावली.

पुस्तक छापून देणाऱ्या त्या कंपनीच्या साइटवर फोटो चढवून झाले, मांडणी झाली, ‘आमचं घर’ असं नावही दिलं. आणि मग एका चौकटीपाशी गाडी अडली. ‘लेखकाचे नाव’. पुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. आता फोटोंच्या पुस्तकाला लेखक कुठला? माझं नाव घालावं तर मी एक ओळही लिहिलेली नव्हती. ते खोटं झालं असतं.

‘‘अगं, घाल काहीही,’’ हे म्हणाले.

‘‘काहीही कसं घालू?’’

काकांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला. ‘‘हे पुस्तक कोणाबद्दल आहे?’’

‘‘आईंबद्दल.’’

‘‘मग झालं तर. ज्याचं आयुष्य, त्याचं लेखन. याला आत्मचरित्र म्हणतात.’’

मला हा युक्तिवाद सात्त्विक वाटला. मी चौकटीत सासूबाईंचं नाव घातलं. पार्सल लेखकाच्याच नावे निघतं आणि लेखकाच्याच हाती दिलं जातं, ही ओळ त्याच पानावर खाली होती. बारीक अक्षरात होती. पुढे मला ती बऱ्याच जणांनी मोठ्यानं वाचून दाखवली.

आता माझ्या हातून काय झालं ते ऐका. पुस्तक वेळेत आणि धड यावं म्हणून मी देवापुढे संकल्प केला, की ते येईपर्यंत मौन न्याहारीला न सोडता दुपारच्या जेवणानंतर सोडायचं. आता मागे पाहिलं की कळतं, घरपोच येणाऱ्या वस्तूसाठी मौन धरणं म्हणजे पाहुणे यावेत म्हणून दाराला कुलूप घालणं. पण भक्तीत माणूस एवढा पुढचा विचार करत नाही. आणि संकल्प म्हणजे संकल्प. तो काही दुधाचा रतीब नव्हे, चार दिवस बंद म्हणून सांगायला.

पहिला फोन आला तेव्हा मी देवापुढेच बसले होते.

‘‘हॅलो, पार्सल आहे तुमचं. पाण्याच्या टाकीपाशी उभा आहे. पुढे कसं यायचं?’’

मी खाकरले.

‘‘हॅलो?’’

मी पुन्हा खाकरले, जरा अर्थपूर्ण.

‘‘तब्येत बरी नाही का ताई? फक्त डावीकडे का उजवीकडे, एवढंच सांगा.’’

त्या नंबरवर मेसेज जात नव्हता. हे अंघोळीला. सासूबाई पुढच्या खोलीत, म्हणजे त्यांच्या हाती फोन देणं शक्यच नव्हतं. हाताशी घंटा होती. मी ती वाजवली. डावीकडे या, अशा भावनेनं वाजवली.

 मग तो एकदम हळू आवाजात म्हणाला, ‘‘देवळात आहात होय? सॉरी, सॉरी. चालू द्या तुमचं. उद्या येतो.’’

दुसऱ्या दिवशी मी तयारीत होते. फोन वाजताच तो मी ह्यांच्या हातात कोंबला. हे तोंडाला फेस लावून आरशापुढे, आणि शेजारीच खुर्चीत सासूबाई. मी डोळ्यांनी, भुवयांनी, हातांनी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. पण लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी ह्यांना माझं बोललेलंही जेमतेम कळतं.

‘‘पार्सल?’’ ह्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, घाबरले, आणि गुपित राखायच्या भरात खणखणीत आवाजात म्हणाले, ‘‘छे छे! आम्ही काही मागवलेलं नाही! चुकीचा नंबर!’’ वर मला डोळा मारला.

खोटं न बोलण्याचा नेम माझा आहे. ह्यांच्यावर मी कधी सक्ती केली नाही, त्याचं हे फळ.

ताबडतोब मेसेज आला, ‘ग्राहकाने पार्सल नाकारले.’ खाली कारण निवडायचं होतं. नापसंत, उशीर झाला, विचार बदलला. ‘नवरा’ असा पर्याय नव्हता.

तक्रार करून, वाट पाहून, पुन्हा तक्रार करून अखेर एका दुपारी पार्सल आलं. कुरिअरवाल्यानं त्या दिवशी काहीच न विचारता ते वहिनींच्या हाती दिलं आणि त्यांनी माझ्याकडे देताना हलवून पाहिलं. स्वयंपाकघराचं दार लावून मी देवाचं नाव घेतलं आणि फोडलं. मुखपृष्ठावर एका भल्यामोठ्या तपकिरी कुत्र्याचा फोटो होता आणि सोनेरी अक्षरं, ‘सम्राट : एक जीवनप्रवास’.

मी एकेक पान उलटत गेले. मध्येच कुठेतरी आमचं घर लागेल अशी वेडी आशा. सम्राट पिल्लू असताना. सम्राट सोफ्यावर. सम्राट सोफा फाडल्यानंतर. सम्राट वाढदिवसाची टोपी घालून, चेहऱ्यावर माझ्यासारखाच भाव.

‘‘छपाई मात्र सुंदर आहे,’’ हे म्हणाले.

संध्याकाळी फोन. एक गृहस्थ, कंपनीकडून माझा नंबर आणि माझी तक्रार दोन्ही मिळालेले. आवाज जड.

‘‘तुमच्या सासूबाई आमच्याकडे आहेत.’’

‘‘अगबाई! बऱ्या आहेत ना?’’ माझ्या तोंडून निघून गेलं.

‘‘उत्तम आहेत. कुठे दुमडल्याबिमडल्या नाहीत. आमचा सम्राट?’’

‘‘तोही मजेत आहे.’’

पलीकडे गृहस्थ रडायला लागले. सम्राटला जाऊन थोडेच दिवस झाले होते. ते त्याच संध्याकाळी आले, पुस्तक छातीशी धरून आमच्या पुढच्या खोलीत बसले आणि पुन्हा रडले. सासूबाईंनी त्यांना स्वतःच्या हातानं चहा दिला.

‘‘घरातलं कोण गेलं हो?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मुलासारखा होता,’’ गृहस्थ म्हणाले.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मला आत जावं लागलं.

निघताना जिन्यात मी हळूच विचारलं, ‘‘आणि आमचं पुस्तक?’’

‘‘ते मी लगेच कुरिअरच्या माणसाकडे परत दिलं की. नियमच आहे तसा. गोदामात असेल.’’

गोदाम म्हणजे शहराच्या टोकाला एक पत्र्याची शेड. आत पार्सलांचे डोंगर, बाहेर माणसांची रांग. मध्ये जाळीची खिडकी आणि खिडकीत एक साहेब. मी मुद्दाम दुपारी, मौन सोडून गेले होते. रांगेत उभं राहून नामस्मरण केलं. नंबर आला. साहेबांनी संगणकात पाहिलं, आतून पुडकं मागवलं, समोर ठेवलं. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर आमचं घर होतं. कोपरा फाटला होता आणि त्यातून सासऱ्यांचा बूट दिसत होता.

‘‘पार्सल लेखिकेच्या नावे आहे,’’ साहेब म्हणाले. ‘‘लेखिका तुम्हीच ना?’’

‘‘नाही. मी त्यांची सून.’’

साहेबांनी हात थांबवला. त्यांनी माझ्या मागची रांग पाहिली, घड्याळ पाहिलं, आणि खरं सांगते, अगदी मायेनं म्हणाले, ‘‘बाई, मी पुन्हा विचारतो. ओळखपत्र मी मागत नाहीये. लेखिका तुम्हीच ना?’’

‘‘नाही हो. सून.’’

‘‘अहो, हो म्हणा की!’’ मागून एक जण ओरडला.

‘‘खोटं कसं म्हणू?’’

‘‘सासूच्या नावानं खोटं बोलायला कोणती सून कचरते?’’ एक बाई म्हणाल्या. रांग हसली.

‘‘हे बघा,’’ साहेब पुढे वाकले, ‘‘तोंडानं बोलू नका. मी डोळे मिटतो, तुम्ही नुसती मान हलवा.’’

आणि त्यांनी खरंच डोळे मिटले. सगळी रांग माझ्या मानेकडे बघत होती. कोणीतरी मागून ‘हलवा, हलवा’ असं म्हणू लागलं, आणि बघता बघता अख्खी रांग एका सुरात म्हणू लागली. आजवर एवढ्या माणसांनी माझ्याकडून कशाची अपेक्षा केली नव्हती. मी मान ताठ धरून उभी राहिले. मानेला रग लागली, पण हलवली नाही.

साहेबांनी डोळे उघडले. ‘‘पार्सलासाठी खोटं बोलणारे माझ्याकडे रोज येतात. खरं बोलून पार्सल टाकून जाणारं माणूस आज बघितलं.’’ मग त्यांनी पुडकं आत पाठवलं. ‘‘घरी पाठवतो पुन्हा. पण लेखिकेनं स्वतः यावं, ओळखपत्र दाखवावं, सही करावी.’’

‘‘कधी पाठवाल?’’

त्यांनी सांगितलेला दिवस सासूबाईंच्या निघण्याचा होता. सकाळ.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. सत्याचा जय होतो असं म्हणतात. होत असेल. पण तो बहुधा दुसऱ्याच कुणाच्या पत्त्यावर पोचवला जात असावा.

निघायचा दिवस उजाडला. मी पहाटेपासून देवापुढे. संकल्प अजून चालूच होता, कारण पुस्तक आलं नव्हतं. आणि पुस्तक येत नव्हतं कारण संकल्प चालू होता, हे तोवर घरातल्या मांजरालाही कळलं असतं. आमच्याकडे मांजर नाही. असतं तर त्यानं सांगितलं असतं. ह्यांनी मात्र निराळंच सांगितलं, ‘‘आजचा दिवस बोल की जरा. देव काय रागावणार आहे?’’ मी नकारार्थी हात हलवला. माझ्या मनात एकच, की आज नेम मोडला आणि विमानाला काही झालं तर?

म्हणून मोर्चेबांधणी केली. वहिनी फाटकापाशी. काका वरच्या गॅलरीत, छातीशी कोरा कागद आणि पेन, पोच घ्यायला. हे गाडीत सामान चढवायला. सासूबाई नवी साडी नेसून खुर्चीत, हातात पासपोर्ट घट्ट धरून, जणू तो कोणी हिसकावणार आहे.

फोन वाजला. ‘‘पार्सल. पाण्याच्या टाकीपाशी आहे.’’

मी धावत ह्यांना शोधलं. हे गाडीच्या डिकीत अर्धे आत. फोन त्यांच्या पाठीला टेकवला, तर ते ‘थांब गं, बॅग अडकलीये’ म्हणाले. फोनमधून आवाज, ‘‘हॅलो? देवळात आहात का आजपण?’’ फाटकाशी वहिनी जोरजोरानं हात हलवत होत्या, पण समोरून चाललेल्या पावाच्या गाडीला. पाववाला थांबून त्यांना पाव देऊ लागला. तेवढ्यात तिच्यामागून कुरिअरची पांढरी गाडी सावकाश आली, आमच्या घरासमोर जरा रेंगाळली, आणि पुढे निघाली. मी बघत होते. गाडी कोपऱ्याशी पोचली. तिचा मागचा दिवा लागला. वळली की संपलं.

‘‘अहो पार्सलवाले! थांबा! थांबाऽऽ!’’

हा आवाज कोणाचा ते मला लगेच कळलं नाही. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. काकांच्या हातून पेन खाली पडलं. हे डिकीत ताठ उभे राहिले आणि त्यांचं डोकं आपटलं. कुरिअरची गाडी थांबली. पाववाल्याचा हात थांबला. एक सायकलवाला होता, त्याचा काही संबंध नव्हता, तोही पाय टेकून उभा राहिला.

सासूबाई जिना उतरून आल्या होत्या. ‘‘कोण ओरडलं गं ते?’’

‘‘तुमच्या सूनबाई,’’ वहिनी पाव हातात धरून म्हणाल्या.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. 

चष्मा लावलेला, माझ्याच वयाचा पार्सलवाला पुडकं घेऊन आला. मी डोळे खाली घातले. मौन मोडलं, आवाजाचा नेम मोडला. एका वाक्यात दोन. उरलेला एक नेम मी मुठीत धरून उभी होते.

‘‘लेखिका कोण?’’ त्यानं विचारलं.

सासूबाईंनी पुडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ह्यांच्याकडे. हे टायरमधली हवा तपासू लागले होते.

‘‘मी,’’ सासूबाई म्हणाल्या. पासपोर्ट पुढे केला. ‘‘कुठे सही करू?’’

‘‘आजी, तुम्ही पुस्तकं लिहिता?’’

‘‘वेळ मिळेल तसं.’’

सही झाली. सासूबाईंनी गाडीच्या बॉनेटवर ठेवून पुडकं फोडलं. कोपरा दुमडला होता, पण आत आमचंच घर होतं. त्यांनी पान उलटलं. सासऱ्यांचं पान आलं तेव्हा त्यावरून बोट फिरवलं. हे टायरपाशीच बसून राहिले. ‘‘आई, उशीर होतोय,’’ असं त्यांनी अगदी हळू म्हटलं आणि मग पुन्हा नाही म्हटलं. शेवटच्या पानापर्यंत जाऊन सासूबाई परत पहिल्याकडे आल्या. मग वर बघितलं.

‘‘यात तू कुठे आहेस?’’

मी कुठेच नव्हते. ज्या फोटोत मी होते तो मी बाजूला ठेवला होता. पुस्तक त्यांचं, त्यात आपण कशाला मिरवायचं, असं वाटलं होतं.

‘‘पुस्तक तुमचं आहे, आई,’’ मी म्हटलं.

‘‘मी कशी दिसते ते मला ठाऊक आहे. आरसा तिथेही असेल.’’ त्यांनी पुस्तक मिटलं. ‘‘तिथे मला बघायला कोण हवं? मीच?’’

मी पुस्तकाचा दुमडलेला कोपरा बोटांनी सरळ करू लागले.

‘‘एक फोटो लागेल,’’ पार्सलवाल्यानं मोबाइल वर केला. ‘‘पार्सल आणि घेणारा. पुरावा म्हणून. नियम आहे.’’

सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि मला शेजारी ओढलं.

‘‘दोघी नको, आजी. फक्त घेणारा.’’

‘‘लेखिका मी आहे,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘काढ.’’

त्यानं काढला. गाडी निघाली. पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं.

दुपारी जेवण झाकून ठेवलं. रिकाम्या खुर्चीवरून फडकं फिरवून झालं, तेव्हा मी कुरिअर कंपनीला फोन लावला. एक मुलगी बोलली. मी तिला सांगितलं, की तुमच्याकडे एक फोटो आहे, तो मला हवा आहे.

‘‘वितरणाचा फोटो ग्राहकाला देता येत नाही, मॅडम. अंतर्गत नोंद असते.’’

‘‘नुसता बघून सांगाल का, कसा आलाय?’’

 बटणांचा आवाज येत राहिला.

‘‘दोन बायका आहेत,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘एक आजी आहेत. त्यांनी दुसरीचा हात धरलाय.’’

‘‘हसतायत?’’

‘‘आजी हसतायत. दुसऱ्या रडतायत बहुतेक. छान आलाय हो फोटो.’’ मग तिचा आवाज पुन्हा कंपनीचा झाला. ‘‘पण मॅडम, यात पार्सल दिसत नाहीये. कडेला कापलं गेलंय. असा पुरावा चालत नाही. तुमचं वितरण अपूर्ण दाखवतंय. उद्या सकाळी आमचा तोच माणूस मोबाइल घेऊन पुन्हा येईल.’’

‘‘तोच, फोटोवाला मोबाइल?’’

‘‘हो. पण तुमच्या नावापुढे शेरा आहे, सकाळी फोनवर कोणी बोलत नाही. उद्या कोणी असेल का बोलायला?’’

मी देवघराकडे पाहिलं. तिथून काही हरकत आली नाही.

‘‘असेल,’’ मी म्हटलं.